बायांचा हिशेब

साल १९१६. तुम्ही मानोऱ्यातून बैलगाडीनं निघाला आहात. वऱ्हाडात अजून विद्यापीठ नाही. नागपूरचं व्हायला सात वर्षं आहेत, अमरावतीचं तर १९८३ उजाडेपर्यंत नाही. कारंज्याला छोट्या रुळांच्या आगगाडीत बसायचं, मूर्तिजापूरला मोठी गाडी धरायची, मग कल्याण आणि पुणे. "पुन्याले कायले चाल्ले?" गाडीवान विचारतो. बायांचं विद्यापीठ बघायला, असं सांगितल्यावर तो हसतो. हसणारा तो एकटा नाही. पुण्या-मुंबईचे शहाणेही हसतायत.

पुण्याबाहेर हिंगण्याला पोचलात की कमानी, घुमट शोधू नका. जुलैत सुरू झालेल्या महिला पाठशाळेत विद्यार्थिनी पाच. मोजून पाच! कुलपती डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर, कुलगुरू रँग्लर परांजपे, आणि या सगळ्यामागे अट्ठावन्न वर्षांचे धोंडो केशव कर्वे, सगळ्यांचे अण्णा. जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका वाचून त्यांनी हे मनावर घेतलंय. उच्च शिक्षण मुलींना मातृभाषेतून द्यायचं, हा त्यांचा हट्ट.

पण तुम्ही इथे थांबू नका. आणखी सोळा वर्षं मागे या.

१९००. याच माळावर एक झोपडी आहे. चार वर्षांपूर्वी सुरू केलेला अनाथ बालिकाश्रम पुण्यातून इथे आलाय. जमीन रावबहादूर गणेश गोविंद गोखल्यांनी दिली. संध्याकाळ झाली की पायवाटेवर अण्णा दिसतील. फर्ग्युसनमध्ये दिवसभर गणित शिकवून चालत आलेले. पावसाळ्यात ही वाट म्हणजे नुसता चिखल. तुम्ही त्यांच्यामागून चालून बघा, घोट्यापर्यंत पाय रुततो. ते काही बोलत नाहीत. बोलणं त्यांच्या स्वभावातच कमी.

मराठी शाळेतलं मूल अण्णांच्या गोष्टीत इथवर आलेलं असतं. पुढे फारसं कुणी जात नाही. म्हणून तुम्ही उलटे फिरा आणि पुण्यातल्या घरी जा.

तिथे अण्णांच्या पत्नी आहेत, सगळ्यांच्या बाया. माहेरची गोदूबाई जोशी, लहानपणीच विधवा झालेली, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी. ११ मार्च १८९३ ला अण्णांशी पुनर्विवाह झाला आणि त्या आनंदीबाई झाल्या. अण्णांच्या गावानं, मुरूडनं, वाळीत टाकलं ते दोघांनाही. पण आश्रमाच्या बाबतीत भोगलं बायांनीच. ज्या बाईनं पुन्हा लग्न केलं तिचा वावर दिसला तर लोक विधवा मुलींना पाठवणार नाहीत, अशी चालकांना भीती. तेव्हा नवरा हिंगण्याच्या वाटेवर आणि बाया पोरं घेऊन पुण्यात. त्यांची सख्खी बहीण पार्वतीबाई आठवले विधवाच राहिल्या, म्हणून त्या आश्रमाच्या आधारस्तंभ झाल्या. पुढे निधीसाठी अमेरिकेपर्यंत गेल्या. एका घरातल्या दोन बहिणी, एकीला दार उघडं, एकीला बंद. विधवांसाठी काढलेल्या संस्थेनं हे करावं, यावर चिडायचं नाही तर कशावर?

बाया चिडतात. अण्णांनी शिल्लक संस्थेला दिली, विम्याची पॉलिसीसुद्धा दिली. उद्या यांना काही झालं तर पोरांनी काय खायचं? उदार माणसाच्या घरात हा प्रश्न विचारणारं कुणीतरी लागतंच, नाहीतर उदारपणा चालतोच कसा! सुईणीचं काम शिकून बाळंतपणं करणाऱ्या बायांनी हा संसार ओढला. माझं मत विचाराल तर विद्यापीठाच्या देणगीदारांच्या यादीत हा पैसा बायांच्या नावे मांडायला हवा.

मोठी देणगी १९२० साली आली. सर विठ्ठलदास ठाकरसी पत्नी प्रेमलीलाबाईंसह जपानचं महिला विद्यापीठ पाहून आले होते. त्यांनी पंधरा लाख देऊ केले आणि त्यांच्या आईचं, नाथीबाईंचं, नाव विद्यापीठाला लागलं. ते एसएनडीटी. पुढे १९५१ साली कायद्यानं विद्यापीठ झाल्यावर प्रेमलीलाबाईच त्याच्या कुलगुरू झाल्या. कर्व्यांच्या घरातूनही माणूस गेलंच. सून इरावती १९३० च्या दशकात काही वर्षं तिथे कुलसचिव होत्या. सत्तरी ओलांडलेले अण्णा तोवर युरोप, अमेरिका, आफ्रिका पालथी घालून वर्गणी गोळा करत होते.

आता परत या. अण्णांना १९५८ साली, वयाच्या शंभराव्या वर्षी, भारतरत्न मिळालं. बाया १९५० मध्येच गेल्या होत्या. त्यांनी आपली हकीकत मात्र स्वतःच लिहून ठेवली आहे, ‘माझे पुराण’ नावानं. अण्णांचं ‘आत्मवृत्त’ तुमच्या गावच्या वाचनालयात असेल तर त्याच्या शेजारी हेही मागवून ठेवायला सांगा, आणि आधी हे वाचा.