सरपण, ऊन आणि पुठ्ठा

चुलीचा इतिहास वाचताना आधी एक विचारा: सरपण आणायला कोण जातं? सुदानच्या दारफुरमधलं युद्ध २००३ साली पेटलं आणि हजारो कुटुंबं शेजारच्या चाडमध्ये आली. इरिदिमी छावणीतल्या बायका लाकडांसाठी बाहेर पडल्या, की वाटेत हल्ल्याची, बलात्काराची भीती. म्हणून तिथे सौर चूल आणली गेली. रचना साधीच: पुठ्ठ्यावर चिकटवलेली अ‍ॅल्युमिनियमची चकचकीत फॉईल, काळं भांडं आणि त्याभोवती प्लॅस्टिकची पिशवी. केनियातल्या काकुमा छावणीत असा प्रयोग १९९५ मध्येच सुरू झाला होता. इरिदिमीत तर निर्वासित बायकाच या चुली बनवू लागल्या. पण बघा, सूर्य मावळला की ही चूल थंड! म्हणजे फेऱ्या कमी झाल्या, संपल्या नाहीत. आणि वाट सुरक्षित करायची जबाबदारी पुठ्ठ्यावर कशी टाकणार?