हजार यार्डांवरचा नेम

'बंदूक' हा शब्द आपल्याकडे फार लांबून आला आहे. अरबीत 'बुंदुक' म्हणजे बोराएवढं एक टणक कवचाचं फळ, हेझलनट. त्याच्यासारख्या दिसणाऱ्या गोळीला तेच नाव पडलं आणि पुढे ती गोळी फेकणाऱ्या हत्यालाही तेच चिकटलं. 'काडतूस' पोर्तुगीजांबरोबर उतरलं, 'तोफ' तुर्कीतून आली. मी कवितेचा माणूस. आयुष्यात एकही गोळी झाडलेली नाही. माझी ओळख शब्दांशी. पण लांब पल्ल्याच्या रायफलींचा इतिहास वाचू लागलो तेव्हा त्यात एक शब्द असा भेटला की तो काही पिच्छा सोडीना. त्या शब्दापर्यंत यायला जरा वळसा घ्यावा लागेल.

आपल्या पोलिसांच्या खांद्यावर वर्षानुवर्षं दिसलेली थ्री-नॉट-थ्री सर्वांनी पाहिली आहे. तिच्या बाजूला एक मुठीची दांडी असते. दाराची कडी सरकवावी तशी ती दांडी पुढे ढकलायची आणि खाली वळवायची, की काडतूस नळीत जाऊन बसतं आणि मागचं दार घट्ट बंद होतं. गोळी सुटली की दांडी वर, मागे. रिकामं काडतूस बाहेर. या रचनेला 'बोल्ट अ‍ॅक्शन' म्हणतात.

ही युक्ती सैन्यात पहिल्यांदा रुजवली ती प्रशियाने. ड्रायझे नावाच्या कारागिराची 'सुईची बंदूक' त्यांनी १८४१ मध्ये स्वीकारली. १८६६ च्या क्योनिगग्रेट्झच्या लढाईत ऑस्ट्रियाचे सैनिक तोंडाकडून बार ठासत होते आणि प्रशियाचे शिपाई जमिनीवर आडवे पडून भराभर काडतुसं भरत होते. निकाल काय लागला असेल ते सांगायला नको. पुढे ओबर्नडॉर्फच्या पाउल माउझरने हे दार इतकं भक्कम केलं की त्याची १८९८ सालची रचना आजही जगभरच्या शिकारी रायफलींची आजी समजली जाते. अमेरिकेने १९०३ ची स्प्रिंगफील्ड रायफल काढली तीही माउझरच्या इतकी जवळची निघाली की सरकारला त्याबद्दल रॉयल्टी मोजावी लागली!

पण दूरवर नेम साधण्याची हौस या कडीच्या आधीची आहे. विम्बल्डन म्हटलं की आपल्याला टेनिस आठवतं. पण २ जुलै १८६० रोजी तिथल्या माळावर राणी व्हिक्टोरियाने रेशमी दोरी ओढून व्हिटवर्थ रायफलीचा पहिला बार काढला होता. रायफल अर्थात आधीच लोखंडी बैठकीवर रोखून ठेवलेली. चारशे यार्डांवरच्या लक्ष्याच्या मध्यबिंदूपासून गोळी जेमतेम सव्वा इंचावर लागली. त्या माळावर मग दरवर्षी स्पर्धा होऊ लागल्या. १८७३ मध्ये आयर्लंडचा संघ तिथे जिंकला आणि विजयाच्या भरात त्याने अमेरिकनांना आव्हान दिलं.

न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर क्रीड नावाच्या कुटुंबाची शेतजमीन होती. ती घेऊन तिथे नेमबाजीचं मैदान उभं राहिलं आणि त्याला क्रीडमूर हे नाव मिळालं. २६ सप्टेंबर १८७४ रोजी तिथे सामना झाला. दोन्हीकडे सहा-सहा जण. अंतरं आठशे, नऊशे आणि हजार यार्ड. हजार यार्ड म्हणजे किलोमीटरला थोडं कमी. आयरिश मंडळींकडे तोंडाकडून ठासायच्या रिग्बी रायफली, यजमानांकडे मागून भरायच्या रेमिंग्टन आणि शार्प्स. कडीची रायफल दोघांकडेही नव्हती. बघायला हजारो लोक जमले होते.

या सामन्यात मिल्नर नावाच्या आयरिश नेमबाजाने अगदी मधोमध गोळी मारली, पण शेजारच्या लक्ष्यावर. चार गुण गेले. शेवटी अमेरिकेचा कर्नल बोडाइन उरला. जिंजर बिअरची बाटली फुटून त्याचा हात कापला होता. त्यावर रुमाल गुंडाळून तो आडवा झाला आणि शेवटची गोळी त्याने काळ्या ठिपक्यावर बसवली. अमेरिका ९३४, आयर्लंड ९३१. मिल्नरचे ते चार गुण मिळते तर पाहुणे एका गुणाने जिंकले असते. इतक्या तयारीचा माणूस चुकला कुठे, तर नेमात मुळीच नाही. आपलं लक्ष्य कोणतं एवढंच ओळखण्यात.

पहिल्या महायुद्धात लाखो तरुणांच्या हाताला कडीची सवय लागली. घरी परतल्यावर त्यांना शिकारीलाही तशीच रायफल हवी झाली. लांबच्या नेमाला ती सोयीचीही होती. गोळी नळीतून धावत असताना या रायफलीत दुसरं काहीच हलत नाही, आणि काडतूस प्रत्येक वेळी जवळपास त्याच जागी, तितकंच घट्ट बसतं.

इथून वाट दुभंगते. अमेरिकेत रायफल घ्यायला गेलेल्या माणसाला जाणता दुकानदार आधी विचारतो, मारायचं काय? कागद की 'व्हार्मिंट'? व्हार्मिंट म्हणजे शेताला किंवा कुरणाला उपद्रव देणारं जनावर. कुरणात बिळं करणारा वुडचक, गवताळ प्रदेशातला प्रेअरी डॉग, वासरांवर टपलेला कोल्ह्यासारखा कायोटी. जनावर लहान, अंतर दोन-तीनशे यार्ड. त्यासाठी हलकी, अतिवेगवान गोळी लागते, म्हणजे अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी ती फारशी खाली पडत नाही. विंचेस्टर कंपनीने १९३५ मध्ये पॉइंट टू-ट्वेंटी स्विफ्ट हे काडतूस काढलं. त्याची गोळी सेकंदाला चार हजार फुटांहून अधिक वेगाने सुटायची. १९६५ मध्ये रेमिंग्टनने टू-टू-टू-फिफ्टी बाजारात आणलं. त्याची गोळी उणीपुरी साडेतीन ग्रॅमची.

पण हीच चपळ गोळी हजार यार्डांवर वाऱ्यापुढे हात टेकते. तिथे लांब, निमुळती, नऊ ग्रॅमच्या आसपासची गोळी लागते. लांब गोळी सरळ जायची तर तिला जास्त गरगर फिरवावं लागतं, म्हणून नळीच्या आतले पीळ दाट हवेत. हलक्या गोळीला चौदा इंचांत एक वेढा पुरतो, लांब गोळीला आठ इंचांत एक लागतो. एकदा नळी निवडली की ही गोष्ट बदलत नाही, म्हणून खरी निवड इथेच होते. नळी जाड असावी, म्हणजे लवकर तापत नाही आणि कमी थरथरते. ती दस्त्याला कुठे टेकता कामा नये, कारण लाकूड पावसात फुगतं. २००७ मध्ये हॉर्नडी कंपनीने लांब पल्ल्याच्या स्पर्धांसाठी नवं काडतूस काढलं आणि त्याच्या नावात पुन्हा क्रीडमूर आलं. त्याचीही गोळी हजार यार्ड जाताना वीस फुटांहून अधिक खाली येते, सुमारे दीड सेकंद हवेत असते आणि ताशी दहा मैलांचा आडवा वारा तिला सहाएक फूट ढकलतो. हे सारं आधी मोजूनच चाप ओढायचा. मराठीत नेम म्हणजे निशाणाही आणि व्रतही. हा योग मला फार आवडतो. कोल्हापूरजवळच्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ऑलिंपिक कांस्यपदक मिळवलं ते पन्नास मीटरवर, जिथे दहा गुणांचं वर्तुळ अवघं १०.४ मिलिमीटरचं असतं. अंतर कमी असलं तरी व्रत तेच.

आता तो शब्द. व्हार्मिंट हे इंग्रजी 'व्हर्मिन'चं गावरान रूप. एखाद्या जनावराला हे नाव पडलं की त्याचा हिशोब ठेवायची गरज उरत नाही. ज्याचं पीक एका रात्रीत उकरलं जातं त्याला उपद्रव म्हणजे काय ते मी शिकवू नये. विदर्भात रोही आणि रानडुकरांनी शेतकऱ्याला किती पिडलं आहे हे मीही ऐकतो. आपल्याकडे निदान १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळे आधी परवानगी मागावी लागते. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून प्रेअरी डॉगवर बंदुकीबरोबर सरकारी विषही चाललं. नावात डॉग असला तरी हा खारीच्या कुळातला प्राणी, कुत्र्यासारखं ओरडतो एवढंच. त्याच्यावर जगणारं आणि त्याच्याच बिळात राहणारं, मुंगसासारख्या अंगाचं काळ्या पायांचं एक फेरेट होतं. प्रेअरी डॉगच्या वसाहती उजाड झाल्या, उरलेल्यांत प्लेग पसरला आणि हे फेरेट दिसेनासं झालं. ते संपलं असंच सगळे धरून चालले होते. १९८१ मध्ये वायोमिंगमधल्या मिटीट्सी गावाजवळ एका कुत्र्याने मेलेलं फेरेट तोंडात धरून घरी आणलं, तेव्हा कळलं की काही शिल्लक आहेत. १९८७ पर्यंत उरलेली सगळी पकडून पिंजऱ्यात सुरक्षित ठेवण्यात आली. ती भरली अठरा.

त्या अठरांपासून पैदास झालेली फेरेटं पुढे पुन्हा कुरणांत सोडली गेली. दक्षिण डाकोटातल्या कोनाटा बेसिनच्या कुरणात ती रुजावीत म्हणून तिथे प्रेअरी डॉगवर गोळी झाडायला बंदी घालण्यात आली, आणि प्लेगच्या पिसवा मराव्यात म्हणून सरकारी माणसं एकेका बिळात औषधाची पूड फवारू लागली.