राहून गेलेली अट

गिरगावात खोताच्या वाडीतली पोर्तुगीज वळणाची घरं बघितली की गोवा आठवतोच. आज तिथल्या लोहखनिजाच्या खाणींची गोष्ट.

उघड्या खाणीत रोज एकच कोडं: आज कुठला भाग खणायचा, कुठे किती डंपर लावायचे, म्हणजे मालात लोहाचं प्रमाण जमेल आणि खर्चही कमी होईल? अशी कोडी सोडवायला जॉर्ज डँट्झिगने १९४७ मध्ये सिम्प्लेक्स पद्धत शोधली. गणित सगळ्यात चांगलं उत्तर काढून देतं, पण आपण लिहिलेल्या अटींपुरतंच.

गोव्यातलं खाणकाम २०१२ मध्ये थांबलं. २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने बंदी उठवली, पण अट घातली: वर्षाला २ कोटी टनांहून जास्त खनिज काढायचं नाही. शेतं, नद्या, पुढच्या पिढ्या यांच्यासाठीची ही अट शेवटी कोर्टाला लिहावी लागली.

म्हणून कुठलंही मॉडेल बघितलं की आधी विचारा, यात कुणाची अट राहून गेलीये?