वैद्याची जोखीम कोणाच्या माथी?



साथींचा इतिहास सांगताना आपण मृतांची संख्या सांगतो, सरकारचे हुकूम सांगतो, लोकांची पळापळ सांगतो. वैद्यही त्या कथेत येतो, पण तो रोग्याच्या उशाशी बसलेला असेल तेवढाच आपल्याला दिसतो. त्याचा दवाखाना महिनोन्‌महिने बंद राहिला तर भाडे कोणी भरले, तो स्वतः दगावला तर त्याच्या बायकामुलांच्या पदरात काय पडले, आणि त्याच्या हातून अपाय झाला अशी हाकाटी उठली तेव्हा त्याच्या पाठीशी कोण उभे राहिले, हे प्रश्न आपण सहसा विचारीत नाही. प्राणाची, धंद्याची आणि दोषारोपाची अशी ही तिहेरी जोखीम आहे. ती आजवर कोणी उचलली आणि कोणी झटकली, याचा थोडासा इतिहास आज आपल्यापुढे ठेवावा असा माझा विचार आहे. विम्याचे नाव काढताच पुष्कळांना जांभई येते, हे मी जाणतो. परंतु विमा म्हणजे संकट येण्यापूर्वी लिहून दिलेले वचन. ते वचन कोणी कोणाला दिले होते, हे साथ आली म्हणजे उघड होते.

विमा आणि महामारी यांची गाठ इतिहासात फार लवकर पडली. आज उपलब्ध असलेल्या विमा-करारांतील सर्वांत जुना समजला जाणारा करार १३४७ सालच्या ऑक्टोबर महिन्यातील, इटलीतील जिनोव्हा बंदरातला आहे. ‘सांता क्लारा’ नावाचे जहाज मायोर्का बेटाकडे निघाले होते. त्याच्या सुखरूप पोहोचण्याची हमी कर्जरोख्याच्या रूपात लिहून ठेवलेली आहे. आणि त्याच सुमारास, १३४७ च्याच ऑक्टोबरात, काळ्या समुद्राकडून आलेल्या जिनोव्हाच्या गलबतांतून प्लेग सिसिली बेटावरील मेसीना बंदरात उतरला. पुढच्या चारपाच वर्षांत त्याने युरोपची निदान एक तृतीयांश माणसे नेली.

हा योगायोग मी मुद्दाम सांगतो, कारण त्यात विम्याचे सामर्थ्य आणि त्याची मर्यादा ही दोन्ही दिसतात. शंभर जहाजे समुद्रावर गेली तर दोनचार बुडतात. उरलेल्यांनी दिलेल्या वर्गणीतून त्या दोनचारांची भरपाई होते. आपल्या खेड्यांतही एकाचे घर जळाले की घरटी पायली पायली धान्य गोळा होते आणि त्याचा संसार पुन्हा उभा राहतो. पण अवघे गावच पेटले तर पायली कोणी कोणाला घालायची? महामारी ही अवघे गाव पेटवणारी आग आहे. म्हणून विमा कंपनी तिला भिते, आणि हे भय अगदीच अनाठायी आहे असे मला म्हणता येत नाही.

मग साथीत वैद्याला धीर कोणी द्यावा? इटलीतील नगरांनी यावर एक उत्तर काढले होते. प्लेग आला की नामांकित वैद्य शहर सोडून जात. तेव्हा नगरसभा स्वतः करार करून एखादा ‘प्लेगचा वैद्य’ नेमीत असे. पाव्हिया नगराने मे १४७९ मध्ये जोव्हान्नी दे व्हेंतुरा नावाच्या वैद्याशी केलेला असा एक करार आज आपल्याला वाचायला मिळतो. दरमहा ३० फ्लोरिन पगार, राहायला सामानसुमानासह फुकट घर, नोकरी संपल्यावर दोन महिन्यांचे वेतन, आणि काम चांगले केले तर नगराचे नागरिकत्व, अशी त्याची कलमे आहेत. उलट बाजूस वैद्यावरही बंधन होते: नगराने नेमून दिलेला माणूस बरोबर असल्याखेरीज त्याने गावात मोकळे हिंडायचे नाही. लोकांनी त्याला ओळखून दूर राहावे, हा त्यातला हेतू.

ह्या करारातले एक कलम मला फार मोलाचे वाटते. ईश्वर न करो, पण हे काम करताना वैद्य मरण पावला, तर न केलेल्या कामाच्या पगाराची रक्कम त्याच्या वारसांकडून परत मागू नये, असे ते कलम आहे. रक्कम लहान असेल. आजच्या अर्थाने हा विमाही नव्हे. पण ज्या नगराला वैद्य हवा होता, त्या नगराने त्याच्या मरणाचा विचार आधी केला, त्यावर दोन्ही पक्षांनी घासाघीस केली आणि जे ठरले ते लिहून ठेवले. वैद्याने हुतात्मा व्हावे अशी अपेक्षा त्यात नाही. कामाची जोखीम काय आहे हे दोघांना ठाऊक होते आणि तिची वाटणी त्यांनी करून घेतली होती.

आता चार शतके ओलांडून आपल्या प्रांतात येऊ. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी प्लेगचे निदान केले. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथीच्या रोगांचा कायदा झाला. मूळ कायदा अवघ्या चार कलमांचा होता. सरकारने हवे ते हुकूम काढावेत, ते मोडणाऱ्याला शिक्षा व्हावी, आणि कायद्याखाली सद्‌भावनेने काम करणाऱ्यावर कोणी दावा आणू नये, एवढी व्यवस्था त्यात होती. पण ज्या डॉक्टराला, दाईला वा भंग्याला ह्या हुकमाने रोग्याच्या घरात धाडायचे, तो मेला तर काय, याविषयी त्या चार कलमांत अवाक्षर नव्हते. पाव्हियाच्या नगरसभेला १४७९ साली जे सुचले, ते १८९७ च्या साम्राज्य सरकारला सुचले नाही.

आणि तरीही माणसे रोग्यांच्या घरात गेली. पुण्याजवळ ससाणे मळ्यात डॉ. यशवंत फुले यांनी प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना उघडला होता. सावित्रीबाई तेथे रोग्यांची शुश्रूषा करीत होत्या, आणि मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन आल्यावर त्यांनाच प्लेगने गाठले. १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. त्यांनी कोणाशी करार केला नव्हता की कोणाकडून हमी घेतली नव्हती. त्यांच्या त्यागापुढे आपण नतमस्तक होतो, हे योग्यच आहे. मात्र एखाद्या सावित्रीबाईंच्या ठायी असलेली करुणा सगळ्यांजवळ असेल असे गृहीत धरून राज्याने आपली व्यवस्था आखू नये. त्याग हा करणाऱ्याने करायचा असतो. दुसऱ्याने त्याच्या नावे लिहायचा नसतो.

तिसरी जोखीम दोषारोपाची. तिचा दाखलाही त्याच साथीत सापडतो. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजात काम करणाऱ्या वाल्डेमार हाफकीन यांनी प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. पुढे १९०२ साली पंजाबातील मुलकोवाल गावी लस टोचलेल्यांपैकी १९ जण धनुर्वाताने मेले. ठपका हाफकीन यांच्या प्रयोगशाळेवर आला आणि त्यांना कामावरून दूर करण्यात आले. बाटली उघडताना तेथल्या मदतनिसाचा चिमटा जमिनीवर पडला होता, आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला, हे चौकशीत पुढे आले होते. रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी त्यांच्या बाजूने लेखणी उचलली, तरी निर्दोष ठरायला हाफकीन यांना १९०७ साल उजाडावे लागले.

इंग्लंडातील डॉक्टरांनी अशा प्रसंगी परस्परांना साहाय्य करावे म्हणून १८८५ सालीच आपला संघ स्थापन केला होता. आपल्याकडे डॉक्टरांची सेवा ग्राहक कायद्याखाली येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर १९९५ मध्ये दिला, आणि तेव्हापासून व्यावसायिक दायित्वाच्या विम्याची गरज साध्या गल्लीतल्या डॉक्टरालाही पटू लागली. तात्पर्य, ह्या तिसऱ्या जोखमीची सोय वैद्यकीय पेशाने वर्गणीतून बरीचशी स्वतःच केली. ते शक्य झाले, कारण सगळ्या डॉक्टरांवर एकाच दिवशी दावे होत नाहीत. जहाजांचे गणित तेथे लागू पडते.

धंद्याच्या नुकसानीचे तसे नाही. धंदा बंद पडल्यास मिळणारा विमा हा मुळात आगीच्या विम्याचा धाकटा भाऊ. दुकान जळाले तर इमारतीचे पैसे मिळतात. पण ती पुन्हा उभी राहीपर्यंत बुडालेल्या नफ्याचे काय, या विचारातून तो निघाला. म्हणून त्याच्या शर्तींत बहुधा ‘मालमत्तेची प्रत्यक्ष हानी’ हे शब्द असतात. रोगाने तर भिंत पडत नाही, खुर्ची जळत नाही. २००३ साली सार्सची साथ आली, तेव्हा विमा कंपन्या सावध झाल्या. अमेरिकेत २००६ सालापासून विषाणूमुळे होणारे नुकसान वगळण्याचे छापील कलमच तयार झाले. डॉक्टर मात्र आपल्या पॉलिसीचा कागद कपाटात ठेवून निर्धास्त होते. अमुक हजार भरले, आता चिंता नाही, ही समजूत व्यापाऱ्याइतकीच वैद्याचीही असते.

मार्च २०२० मध्ये कपाटातले ते कागद बाहेर निघाले. अमेरिकेच्या आयोवा राज्यात मुखाच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या दंतवैद्यांची एक संस्था होती. तातडीची नसलेली कामे थांबवावीत असा हुकूम निघाला, उत्पन्न आटले, आणि तिने विमा कंपनीकडे भरपाई मागितली. जुलै २०२१ मध्ये तेथील वरिष्ठ न्यायालयाने निकाल दिला की जागेची प्रत्यक्ष हानी झालेली नाही, तेव्हा भरपाई नाही. खुर्च्या, यंत्रे, दिवे सर्व जागच्या जागी शाबूत होते. फक्त रोगी येऊ शकत नव्हते. अमेरिकेतील बहुतेक न्यायालयांनी हाच मार्ग धरला.

इंग्लंडात शब्द वेगळे होते, म्हणून निकालही वेगळा लागला. तेथील कित्येक पॉलिसींत, आवारापासून २५ मैलांच्या आत अमुक प्रकारचा रोग उद्‌भवल्यास धंद्याचे नुकसान भरून देऊ, असे लिहिलेले होते. कंपन्यांचा युक्तिवाद मोठा चतुर होता. तुमच्या २५ मैलांत एकही रोगी नसता तरी सरकारने देश बंद केलाच असता. तेव्हा तुमच्या जवळच्या रोग्यामुळे नुकसान झाले असे कसे म्हणता? सर्वोच्च न्यायालयाने १५ जानेवारी २०२१ रोजी तो फेटाळला. वीस माणसांनी मिळून एक बस कड्यावरून ढकलली, आणि त्या कामाला तेराचौदा जण पुरेसे होते, तर कोणा एकामुळे बस पडली नाही असे म्हणून सगळेच सुटतील काय, असा दृष्टान्त निकालपत्रात आहे. हाच मुद्दा पूर्वी एका हॉटेलच्या विम्याच्या खटल्यात कंपनीच्या बाजूने ठरला होता. त्या जुन्या निर्णयात ज्यांचा भाग होता असे दोन न्यायाधीश ह्याही पीठावर होते, आणि आपला तो निर्णय चुकीचा होता असे त्यांनी मोकळेपणाने मान्य केले.

आता आपल्या घरचे उदाहरण. मार्च २०२० च्या अखेरीस केंद्र सरकारने आरोग्यसेवकांसाठी ५० लाख रुपयांची अपघात-विमा योजना जाहीर केली. ती राबवण्याचे काम १९१९ साली मुंबईत स्थापन झालेल्या न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्स या कंपनीकडे होते. खाजगी डॉक्टरांनाही तिचा लाभ होता, पण एका अटीवर: त्यांची सेवा सरकारने साथीच्या कामासाठी मागवून घेतलेली असली पाहिजे. त्याच दिवसांत नवी मुंबई महापालिकेने खाजगी डॉक्टरांना आज्ञापत्रे धाडली, की दवाखाना उघडा ठेवा, नाहीतर कारवाई होईल. अशा एका डॉक्टरने दवाखाना उघडा ठेवला. जून २०२० मध्ये कोविडने त्याचा अंत झाला. पत्नीने विम्याची मागणी केली, तेव्हा उत्तर मिळाले की तुमच्या यजमानांची सेवा मागवून घेतलेली नव्हती. मार्च २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही ती मागणी नाकारली. दवाखाना उघडा ठेवायला सांगणे वेगळे आणि कोविडच्या कामाला जुंपणे वेगळे, असा तो भेद होता.

कायद्याच्या पुस्तकात हा भेद बसत असेल. पण बाहेर उभ्या असलेल्या तापाच्या रोग्याला कोविड आहे की साधा ताप, हे दार उघडणाऱ्या डॉक्टराला कसे कळावे? दार उघडण्याची सक्ती ज्याने केली, त्याने दारातून आत येणाऱ्या रोगाची जबाबदारी घ्यायची नाही, हा न्याय सामान्य माणसाला पटणारा नव्हता. अखेर डिसेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की कायदा, नियम, महापालिकेचे आज्ञापत्र आणि विमा योजना ही सर्व एकत्र वाचली असता डॉक्टरांची सेवा मागवून घेतली गेली होती हे स्पष्ट आहे. प्रत्येकाच्या नावे स्वतंत्र पत्र असण्याची गरज नाही. मात्र मृत्यू साथीचे काम करतानाच आला, हे प्रत्येक दावेदाराने पुराव्याने दाखवायचे आहे. एका शब्दाचा अर्थ लागायला साडेपाच वर्षे लागली, आणि ज्या घराचा कर्ता पुरुष गेला त्या घराने ती कशी काढली असतील, हे मी सांगायला नको.

कोणी म्हणेल, मग विमा कंपन्यांनी सगळ्यांचे सगळे नुकसान भरावे काय? तसे माझे म्हणणे नाही. गाव पेटल्यावर एकट्या सावकाराची पेटी पुरत नाही. अशा वेळी राज्याचीच थैली पुढे आली पाहिजे. दहशतवादी हल्ल्यांची जोखीम एकेकट्या कंपन्यांना पेलेना, तेव्हा ब्रिटनने १९९३ साली आणि भारताने २००२ साली सामाईक निधी उभा केलाच. महामारीसाठीही असा निधी असावा, अशी शिफारस आपल्या विमा नियामक प्राधिकरणाच्या अभ्यासगटाने २०२० साली केली होती. तिच्यात दवाखान्याचे भाडे, परिचारिकेचा पगार आणि डॉक्टरचा प्राण यांना जागा मिळाली पाहिजे, असे मला वाटते.

आणि एक साधी गोष्ट तर उद्याही करता येईल. सरकार किंवा नगरपालिका ज्या कागदावर डॉक्टराला हुकूम देते, त्याच कागदावर, त्याच्या खालच्या ओळीत, तो आजारी पडल्यास वा मेल्यास काय मिळेल, हेही लिहावे. शब्द असे असावेत की त्याच्या पत्नीला ते वकिलाशिवाय वाचता यावेत. पाव्हियाच्या नगरपित्यांनी साडेपाचशे वर्षांपूर्वी एवढे केले होते. त्यांच्याजवळ लस नव्हती, जंतूंचे ज्ञान नव्हते, विमा कंपनीही नव्हती. ज्याला आपण मरणाच्या दारी पाठवतो त्याच्याशी आधी हिशेब स्पष्ट करावा, एवढी व्यवहारबुद्धी मात्र होती. पुढची साथ केव्हा येईल हे कोणालाच सांगता येणार नाही. पण तो कागद आजच लिहून ठेवायला आपल्याला कोणाची हरकत आहे?