तळटीप १७ : जन्मजात पानथरी नसणे

हिर्डोशीच्या प्रकरणात ‘पोटात पानथरी वाढलेली’ मुले येतात. हिवतापाच्या गावात ते नित्याचेच. मुळात पानथरीच नसणे ही वेगळी आणि फार दुर्मिळ गोष्ट. स्वीडनचे विकृतिशास्त्रज्ञ ब्यॉर्न इव्हेमार्क यांनी १९५५ मध्ये तिचा हृदयदोषांशी असलेला संबंध सविस्तर मांडला. गर्भात डावे-उजवे ठरताना घोटाळा होतो आणि शरीर दोन्हीकडून ‘उजवे’ घडते: दोन्ही फुप्फुसे तीन-तीन खंडांची, यकृत मधोमध, हृदयाची रचना गुंतागुंतीची. बाळाचे ओठ-नखे निळसर दिसतात, म्हणून सगळ्यांचे लक्ष हृदयाकडे जाते. पानथरीचा विचार मागे पडतो. खरे तर रक्ताच्या काचपट्टीवर लाल पेशींत गडद ठिपके (हॉवेल-जॉली पिंड) दिसले की शंका घ्यावी. काही मुलांत हृदय धडधाकट असते आणि पानथरी तेवढी नसते. त्यांच्यापैकी अनेकांत आरपीएसए जनुकातील दोष २०१३ मध्ये सापडला.

अशी मुले न्यूमोकॉकस जंतूच्या संसर्गाने काही तासांत दगावू शकतात. त्यावरची लस सरकारी लसीकरणात देशभर २०२१ पासून आहे. शिवाय मेनिंगोकॉकसची लस आणि रोजचे पेनिसिलिन लागते. ताप आला तर सकाळची एसटी येईपर्यंत थांबू नये, रात्रीच भोरचे रुग्णालय गाठावे.