चळवळीची गाणी (कोल्हापूर)

कोल्हापूर, शेजारचा सांगली जिल्हा आणि सीमाभाग या पट्ट्यात सामाजिक व राजकीय लढ्यांसाठी रचली गेलेली गाणी. जलसा, पोवाडा, छक्कड ही त्यांची मुख्य रूपे. ती एकट्याने म्हणण्यासाठी नसतात. शाहीर ओळ टाकतो, मागचे झीलकरी ती उचलतात आणि दोन-चार फेऱ्यांत समोरचे मैदानही झील धरू लागते. साथीला डफ, तुणतुणे आणि झांज एवढे पुरते. ऐकणाऱ्याला वाचता येत नसले तरी मुद्दा पाठ होतो, आणि शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही तोच पाठ झाला आहे हे कानाला कळते. सभेतल्या भाषणाला हे सहसा जमत नाही.

या परंपरेचे मूळ सत्यशोधकी जलशात आहे. जोतीराव फुल्यांनी 1869 साली शिवाजी महाराजांवर पोवाडा प्रसिद्ध केला, 1873 साली पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला. कोल्हापुरात समाजाची शाखा 1911 मध्ये निघाली आणि तिला शाहू महाराजांचे पाठबळ मिळाले. जलसेकऱ्यांनी तमाशाची चौकट बहुतांशी तशीच ठेवली आणि तिच्यात भटभिक्षुकी, सावकारी, लग्नातली उधळपट्टी, मुलांची शाळा हे विषय भरले. हसवून टोला हाणण्याची तमाशाची रीत त्यांना आयतीच मिळाली होती. पुढे भीमराव कर्डक, वामनदादा कर्डक यांच्यासारख्यांनी आंबेडकरी जलसे आणि भीमगीते गावोगाव नेली.

शहराचा आणखी एक धागा सिनेमाचा. बार्शीच्या कामगार चळवळीतून आलेले मेहबूब हुसेन पटेल कोल्हापुरात मास्टर विनायक यांच्या स्टुडिओत काम करत होते. ‘अमर शेख’ हे नाव त्यांना इथेच मिळाले. आचार्य अत्रे यांनी पुढे त्यांना महाराष्ट्राचा मायकोव्हस्की म्हटले. वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गव्हाणकर यांच्या साथीने 1944 मध्ये लाल बावटा कलापथक उभे राहिले. एक मातंग, एक मुसलमान, शिवाय मुंबईच्या गिरणगावचा श्रोता: पथकाची ही जडणघडणच जातिव्यवस्थेला दिलेले उत्तर होती. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने त्यांच्या तमाशांवर बंदी आणली. मग तोच खेळ ‘लोकनाट्य’ या नावाने रंगू लागला. सरकारी हुकुमांना कलाप्रकारांची नावे बदलता येतात, प्रेक्षक मात्र बदलत नाही.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात (1956–60) या गाण्यांचा सर्वांत मोठा बहर आला. पश्चिम महाराष्ट्रात संयुक्त महाराष्ट्र समितीने 1957 च्या निवडणुकीत काँग्रेसला धूळ चारली, त्यात शाहिरांच्या फडांचा वाटा होता. अण्णा भाऊंच्या ‘माझी मैना गावावर राहिली’ या छक्कडीत सुरुवातीला गावी राहिलेल्या बायकोचा विरह आहे. ऐकता ऐकता तो तुटलेल्या मुलखाचा विरह होतो. घोषणा देण्याऐवजी शृंगाराच्या चालीतून राजकारण सांगण्याची ही युक्ती आजच्या अनेक आंदोलनगीतांना साधत नाही. ती फार लवकर ओरडू लागतात.

शहरात अशा सभांची हक्काची जागा म्हणजे बिंदू चौक. माधवराव बागल यांच्या पुढाकाराने 9 डिसेंबर 1950 रोजी इथे फुले आणि आंबेडकर यांचे पुतळे उभे राहिले, तेही बाबासाहेब हयात असताना. कम्युनिस्ट नेते गोविंद पानसरे यांनी कोल्हापुरातील श्रमिक प्रतिष्ठानच्या माध्यमातून अण्णा भाऊ साठे साहित्य संमेलनाला बळ दिले. त्यांच्यावर 16 फेब्रुवारी 2015 रोजी घराजवळ गोळ्या झाडण्यात आल्या, चार दिवसांनी त्यांचा मृत्यू झाला.

छक्कडीतला सीमाभाग अजून इतिहासात जमा झालेला नाही. 1 नोव्हेंबर 1956 रोजी बेळगाव, निपाणी, कारवार म्हैसूर राज्यात गेले. सीमाभागातले मराठी भाषक त्या तारखेला काळा दिन पाळतात. महाराष्ट्राने 2004 साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावा प्रलंबित आहे.