नेमलेली घटका

घटिकापात्र बुडालें कीं टोला देणें हें माणसाचें काम होतें. पात्र वेळ दाखवी. परंतु त्या वेळीं करावयाचें कार्य कोणीतरी जागें राहूनच करावें लागे. वेळ पाहणें व वेळेवर काम करणें ह्या दोन्ही गोष्टी संगणकाच्या हातीं सोंपविल्या गेल्या, त्याचा इतिहास लहान असला तरी उद्बोधक आहे.

अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत युनिक्स नांवाची संगणक-प्रणाली तयार झाली. तिच्या १९७९ सालच्या सातव्या आवृत्तींत 'क्रॉन' नांवाचा एक पहारेकरी होता. तो दर मिनिटास जागा होई, एका कोष्टकांतील ओळी वाची, आणि ज्या कामाची वेळ भरली असेल तें सुरू करून पुन्हां निजे. प्रत्येक ओळींत मिनिट, तास, तारीख, महिना व वार अशीं पांच घरें असत आणि त्यांपुढें करावयाची आज्ञा असे.

कोष्टक मात्र एकच होतें, व तें यंत्राच्या मुख्य व्यवस्थापकाच्या ताब्यांत असे. त्याच सुमारास पर्ड्यू विद्यापीठांत रॉबर्ट ब्राउन ह्यांनीं ही सोय सर्व वापरकर्त्यांसाठीं खुली करण्याचें काम हातीं घेतलें. अनेकांचीं कोष्टकें दर मिनिटास चाळीत बसल्यास यंत्राची शक्ति त्यांतच खर्च व्हावयाची. म्हणून त्यांनीं येणाऱ्या कामांची कालक्रमानें यादी ठेविली. पहिल्या कामाची वेळ येईपर्यंत पहारेकऱ्यानें निजावें अशी ती युक्ति होती. यंत्र सामायिक झालें आणि वेळापत्रकालाहि शिस्त लावावी लागली.

हीच अडचण पुढें फार मोठ्या प्रमाणावर उभी राहिली. १९९९ सालीं सॅन फ्रान्सिस्को येथें सेल्सफोर्स ही कंपनी निघाली. ग्राहकांच्या नोंदी, विक्री व तक्रारी ह्यांचा कारभार व्यापाऱ्यांनीं आपल्या कचेरींत यंत्र न ठेवितां इंटरनेटवरून चालवावा, ही तिची कल्पना. एका वाड्यांत अनेक बिऱ्हाडें नांदावीं, तशा अनेक संस्था तेथें एकाच यंत्रसमूहावर नांदतात. २००६ सालीं कंपनीनें 'एपेक्स' ही आपली भाषा जाहीर केली, आणि त्या भाषेंत लिहिलेलें काम नेमल्या वेळीं आपोआप चालविण्याची सोय पुढें झाली.

तिची मांडणी क्रॉनच्याच घराण्यांतील आहे. आरंभीं सेकंदाचें घर वाढलें आणि शेवटीं वाटल्यास वर्षहि घालतां येतें. परंतु वाड्याचे नियम कडक आहेत. एका संस्थेस एका वेळीं शंभरच कामें एपेक्समधून अशीं नेमून ठेवितां येतात. वेळ धरली जाते ती काम नेमणाऱ्याच्या प्रदेशांतील घड्याळाची. मुख्य गोष्ट ही कीं, घटका भरतांच काम रांगेंत उभें राहतें. प्रत्यक्ष आरंभ यंत्रांस सवड होईल तेव्हां. कंपनीचें आश्वासन 'त्या वेळीं किंवा त्यानंतर' एवढेंच आहे.

हा भेद क्षुल्लक नव्हे. एखादी पेढी रात्रीं दोन वाजतां दिवसभराचा भरणा खातीं जमा करण्याचें काम नेमते, आणि तीन वाजतां थकबाकीदारांस स्मरणपत्रें पाठविण्याचें. पहिलें काम रेंगाळलें व दुसरें वेळेवर निघालें, तर पैसे भरलेल्या सचोटीच्या ग्राहकाच्या हातीं सकाळीं तगाद्याचें पत्र पडतें. यंत्रानें येथें आज्ञा मोडलेली नसते. आज्ञाच अपुरी असते. म्हणून जाणते लोक दुसऱ्या कामास घड्याळाच्या हवालीं करीत नाहींत. पहिलें काम संपल्यावर त्यानेंच दुसऱ्यास हांक द्यावी, अशी योजना ते करितात.

क्रॉनच्या काळीं यंत्र किती वाजले हें विचारी आणि तेवढें पुरे होई. सामायिक वाड्यांत आधीचें काम झालें काय, हाहि प्रश्न विचारावा लागतो. आणि तो विचारण्याची सूचना यंत्रास आधींच देऊन ठेवणें हें अजून माणसाचेंच काम आहे.